सैराटची गाणी कशी घडली आणि इतकी वर्षं का टिकली?

पारावरचा_पिंपळ

परवा माढ्याला चुलतभावाच्या हळदीला गेलो होतो. रात्री साडेदहाच्या सुमाराला झिंगाट लागलं आणि माझी थोरली चुलती, गुडघ्याचं ऑपरेशन होऊन चारच महिने झालेत तिच्या, ती खुर्चीत बसल्या बसल्या दोन्ही हात वर करून ताल धरायला लागली. बाकी मांडवात पाय ठेवायला जागा नाही. सिनेमा आला २९ एप्रिल २०१६ ला, म्हणजे तेव्हा अंगणवाडीत असलेली पोरं आता हळदीत सगळ्यात पुढं नाचतायत आणि त्यांना गाण्यातला शब्द न् शब्द पाठ. येताना एसटीत तेच डोक्यात घोळत होतं, की हे नेमकं कशामुळं टिकलं. नुसता ठेका म्हणावं तर ठेक्याची गाणी दरवर्षी ढिगानं येतात आणि पुढच्या लगीनसराईला कुणाला आठवतसुद्धा नाहीत.

मला जेवढं माहितीय तेवढं मांडतो, पुढं तुम्ही भर घाला.

माझ्या मते सुरुवात फँड्रीपासून धरायला पाहिजे. फँड्री १४ फेब्रुवारी २०१४ ला लागला, नागराज मंजुळेंचा पहिला मोठा सिनेमा. त्याच्यासाठी अजय-अतुल या संगीतकार भावांनी एक थीम साँग केलं होतं, प्रीतीच्या विंचवाचं, अजयनं गायलेलं. टीव्हीवर, मोबाईलवर सगळीकडं तेच. आम्ही बार्शीला बघायला गेलो तेव्हा निम्मं थेटर त्या गाण्याची वाट बघत बसलेलं, आणि सिनेमात ते गाणंच नाही! शेवटी जब्यानं, म्हणजे त्यातल्या पोरानं, भिरकावलेला दगड थेट आपल्याकडं येतो आणि अंधार. सैराटला मात्र हीच मंडळी पुन्हा एकत्र आली आणि यावेळी गाणी थेट गोष्टीच्या आत बसवली. चारच आहेत: याड लागलं, आताच बया का बावरलं, सैराट झालं जी आणि झिंगाट. शब्द बहुतेक अजय-अतुलचेच, नागराजचाही हात आहे. आताच बया श्रेया घोषालनं गायलंय, सैराट झालं जी अजय आणि चिन्मयी श्रीपादानं, बाकीची दोन अजय-अतुलच्याच घरच्या आवाजात.

आणि त्यातली सिम्फनी, म्हणजे मोठ्या वाद्यवृंदाचा भाग, वाजवून घेतली ती अमेरिकेत, लॉस एंजेलिसजवळच्या सोनीच्या स्टुडिओत. आपल्या देशातल्या सिनेमाचं असं काम तिथं त्याआधी झालं नव्हतं. करमाळा तालुक्यातल्या, वेगवेगळ्या जातीतल्या पोरापोरीच्या गोष्टीसाठी! मला आजही हे लिहिताना अंगावर काटा येतो.

तर प्रश्न असा, की कुणाला काय वाटतं, जादू हलगीत आहे की त्या ऑर्केस्ट्रात?

शंकेखोर

गाणी मलाही आवडतात पण एक प्रामाणिक प्रश्न. मुंबईत इतके चांगले व्हायोलिनवाले असताना एवढ्या लांब जायची खरंच गरज होती का? कीबोर्डवरही हुबेहूब तसे आवाज निघतात आता. माझ्यासारख्या साध्या माणसाला फरक कळतो का?

तिसरी_घंटा

शंकेखोर, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि मी साउंडमध्येच काम करतो (जाहिराती आणि मालिका, सिनेमे फार नाहीत) म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कीबोर्डमध्ये जे व्हायोलिन असतं ते कुणीतरी एकदा वाजवून साठवलेला सूर असतो. तुम्ही बटण दाबलं की तोच सूर येतो, कितीही वेळा दाबा तोच. खरे चाळीस जण जेव्हा एकदम गज ओढतात तेव्हा प्रत्येकाचा गज केसभर मागंपुढं सुरू होतो, प्रत्येकाचा दाब वेगळा, सूर किंचित वेगळा, आणि या बारीक बारीक फरकांचा मिळून जो एक जाड थर बनतो ना तो मशीनमधून निघत नाही. शिवाय हॉल असतो. सोनीचा तो स्टेज, म्हणजे रेकॉर्डिंगचा हॉल, जुन्या एमजीएम या सिनेमा कंपनीच्या आवारातला, १९३९ च्या द विझार्ड ऑफ ओझचं संगीत तिथं रेकॉर्ड झालेलं आहे. लाकूड, उंच छत, त्या हॉलला स्वतःचा एक आवाज आहे, तो आवाज माइकमध्ये आपोआप येतो. मुंबईत वादक उत्तम आहेत, त्याबद्दल वादच नाही, पण साठाच्या वर वादक एकत्र बसवून एका वेळी वाजवता येतील अशा जागा आपल्याकडं फार राहिलेल्या नाहीत. जुन्या काळी होत्या, फेमस आणि मेहबूब स्टुडिओत मोठमोठे ऑर्केस्ट्रा बसायचे, मग एकेक वाद्य वेगवेगळं घ्यायची पद्धत आली आणि ते बसणंच मोडलं.

आता काम कसं चालतं बघा. तिथल्या वादकांना मराठी येत नाही, गोष्ट माहीत नाही, सिनेमातली नायिका आर्ची कोण, नायक परश्या कोण माहीत नाही. त्यांच्यासमोर स्टँडवर फक्त कागद. कुठं हळू, कुठं जोर, गज वर की खाली, सगळं आधी लिहून न्यावं लागतं. कानात हेडफोन, त्यात टिक टिक टिक असा क्लिक, आणि समोर कंडक्टर. बहुतेक जण आयुष्यात पहिल्यांदा बघितलेला कागद पहिल्याच दमात वाजवतात. साधारण तीन तासांचं एक सेशन, तासाला दहा मिनिटं सुट्टी, आणि पैसे घड्याळावर. म्हणजे तिथं जाऊन 'अरे इथं जरा वेगळं करून बघूया का' असं म्हणायची सोयच नसते, चूक सापडली तर मिनिटामिनिटाला खिसा हलका होतो. अजय-अतुलचं संगीताचं रीतसर शिक्षण नाही, वडील महसूल खात्यात, बदल्यांमुळं शिरूर, जुन्नर, राजगुरुनगर असं बालपण. तिथून उठून डोक्यातलं सगळं कागदावर उतरवून परक्या माणसांकडून पाहिजे तसं काढून घेणं ही किती मोठी गोष्ट आहे हे माझ्यासारख्याला रोज कळतं, कारण मी सहा जणांचं रेकॉर्डिंग लावलं तरी आदल्या रात्री झोप येत नाही.

आणि फरक कळतो का? याड लागलं हेडफोन लावून ऐका, आवाज जरा कमी ठेवून. अजयचा आवाज थांबतो तिथं व्हायोलिन्स वर चढतात, तेव्हा छातीत काहीतरी भरून येतं. नाव सांगता येत नाही पण येतं. तोच फरक.

शंकेखोर

ऐकलं. आता तीन वेळा ऐकलं. धन्यवाद, मुद्दा पटला.

भिगवणचा_बगळा

आमच्या भागाची गाणी आहेत ही!! नागराज जेऊरचे, शूटिंग बरंचसं करमाळा तालुक्यात. त्या गाण्यांमध्ये जे पाणी दिसतं, पाण्यात उभी असलेली वाळकी झाडं, केळीच्या बागा, ते उजनी धरणाचं फुगवट्याचं पाणी आहे. आम्ही लहानपणापासून बघतो, कधी वाटलं नव्हतं की हे एवढं सुंदर आहे. आमच्यासाठी ती बुडालेली गावं, आज्जी अजून बोट दाखवून सांगते आपलं घर तिकडं होतं म्हणून. सिनेमा आल्यावर करमाळ्याच्या शहाण्णव पायऱ्यांच्या विहिरीवर पुण्यामुंबईची माणसं फोटो काढायला यायला लागली.

याड लागलं मध्ये परश्या होडीतनं पाण्यात उडी टाकतो, पोहत येतो, पळत सुटतो आणि शेवटी विहिरीत उडी. त्या पळण्याला जर साधी ढोलकी लावली असती तर तो नुसता गावचा पोरगा पळताना दिसला असता. तो ऑर्केस्ट्रा लागल्यावर तो राजा दिसतो. आमच्यातल्या कोळ्याच्या पोराला असं कुणी दाखवलं नव्हतं याआधी. मी तर म्हणीन पैसा वसूल तिथंच झाला.

पारावरचा_पिंपळ

बगळ्या, 'राजा दिसतो' हे तू एकदम बरोबर पकडलंस. मोठ्या घरातल्या प्रेमाला व्हायोलिन आणि आपल्याला ढोलकी, ही वाटणीच त्यांनी मोडली.

सुलभा_निवृत्त

मी तेहेतीस वर्षं मराठी शिकवलं, सोलापूर जिल्ह्यातल्याच एका शाळेत. मला गाण्यातलं संगीत फारसं कळत नाही पण शब्दांबद्दल थोडं लिहावंसं वाटलं.

'याड' हा शब्द आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांच्या तोंडी होता आणि मी तो वर्षानुवर्षं खोडत आले. एकदा सातवीतल्या एका मुलाने निबंधात लिहिलं होतं, 'माझ्या आज्याला बैलांचं याड हाय'. मी लाल पेनाने रेघ मारून वर 'वेड आहे' असं लिहिलं. त्या मुलाने पुन्हा कधी बैलांबद्दल लिहिलं नाही. सिनेमा बघताना पडद्यावर ते गाणं सुरू झालं आणि मला पहिल्यांदा ती वहीच आठवली. एवढा मोठा वाद्यवृंद वाजतोय आणि त्याच्यावर तोच शब्द, जसा घरात बोलतात तसा. मला फार भरून आलं.

दुसरं म्हणजे 'सैराट झालं जी' मधला 'जी'. शाहिराच्या मागे उभे असलेले झीलकरी जे जी जी करतात, तो मला इथे ऐकू येतो. पोवाड्यातला, तमाशातला 'जी' प्रेमाच्या गाण्यात आणलाय, आणि चिन्मयीसारख्या तमिळ गायिकेच्या तोंडून तो इतका गोड लागतो. सैराट म्हणजे दावं तोडून सुटलेलं, मोकाट. हा शब्द शहरात किती जणांना आधी माहीत होता? आता पुण्यातली इंग्रजी शाळेतली माझी नातसुद्धा वापरते.

गावशीव

बाई, तुमचा प्रतिसाद वाचून गलबललो. माझ्याही वहीवर अशा रेघा आहेत. पण तुम्ही हे लिहिलंत.

क्लॅरोनेटवाला

नमस्कार मंडळी, मी इथं फक्त वाचत असतो पण आज लिवल्याशिवाय राहवत नाही. आमचा ब्रास बँड आहे, आज्यापासून, मी क्लॅरोनेट वाजवतो. पिंपळदादा तुम्ही विचारलं हलगी का ऑर्केस्ट्रा, मी सांगतो चाल. चाल चांगली असली की ती कशावर बी वाजते.

सैराटची गाणी सिनेमाच्या आधीच मोबाईलवर आलती. आमच्या मास्तरांनी एका दुपारी लिंबाखाली बसून झिंगाट सरगममध्ये वहीत उतरवलं, निम्म्या पानावर मावलं बघा. संध्याकाळपर्यंत बसलं. ट्रम्पेटवर गाणाऱ्याची ओळ, मधल्या जागा मी भरतो, युफोनियमवाला खाली सूर धरतो आणि साईड ड्रम, ढोल सोबतीला. अकरा माणसं आणि एक कॅशिओ. त्या सीझनला एका वरातीत पारापासनं मारुतीच्या देवळापर्यंत, चालत गेलं तर पाच मिनिटांचा रस्ता, पावणेदोन तास लागले आणि त्यात झिंगाट नऊ वेळा. सातव्या वेळेला माझी रीड फाटली, खिशातली बदलेपर्यंत पोरं नुसत्या ढोलावर गाणं म्हणत होती, कुणाचा पाय थांबला नाही. माझे ओठ सुजले होते, दुसऱ्या दिवशी च्या पण पिता येईना. पण खरं सांगतो, तो सीझन आम्हाला देवासारखा होता. त्याच्याआधी दोन वर्ष डीजेनं आमच्या सुपाऱ्या निम्म्यावर आणलेल्या, मास्तर वाद्यं विकायचं बोलत होते. झिंगाटला लोकांना बँडच पायजे होता, कारण ते मुळात वरातीचंच गाणं हाय.

याड लागलं वेगळं. ते आम्ही नवरी वाटंला लावताना वाजवतो, संथ लयीत. शब्द त्याचे वेगळेत, नवऱ्या पोराचं मन हाय त्यात, पण चाल अशी हाय की बापाच्या डोळ्यात पाणी येतंच. तिथं मी एकटाच वाजवतो आणि ट्रम्पेट गप. अमेरिकेत साठ माणसं वाजवतात ते मी एकटा वाजवतो असं माझं म्हणणं नाही, पण चाल तीच हाय की नाही?

तिसरी_घंटा

दादा, तुम्ही माझ्या एवढ्या लांबलचक प्रतिसादाचं उत्तर चार ओळीत दिलंत. बरोबर आहे तुमचं. निम्म्या पानावर मावणारी चाल होती म्हणून तिच्यावर तेवढा मोठा ऑर्केस्ट्रा उभा राहिला. चाल कच्ची असती तर साठ माणसं तिला दाबूनच टाकतील. अजय-अतुल इळयराजांना गुरुस्थानी मानतात ते उगीच नाही, त्यांच्याकडंही हेच दिसतं, मातीतली चाल आणि तिच्याभोवती पाश्चात्त्य मांडणी.

रेवा_कल्व्हर_सिटी

मी त्या स्टुडिओपासून साधारण दहा मिनिटांवर राहते! ऑफिसला जाताना रोज त्या भिंतीवरून गाडी जाते. आमच्या लेकीने, ती इथेच जन्मलेली, मराठी तिला समजतं पण बोलायला लाजते, तिने शाळेच्या ऑर्केस्ट्रात व्हायोलिन घेतलंय. एकदा मी तिला सांगितलं की या भिंतीच्या आत आपलं गाणं वाजलंय, तुझ्या आजोबांच्या गावाकडच्या भाषेतलं. तिला खरंच वाटेना. घरी येऊन तिला गाणं लावून दिलं. तिने पूर्ण ऐकलं आणि मग एकच विचारलं, 'याड म्हणजे काय?' तेव्हापासून तिने कानाने शोधून शोधून याड लागलंची सुरुवात व्हायोलिनवर बसवलीय. मंडळाच्या गणपतीत वाजवली तेव्हा सगळे उठून उभे राहिले.

सुलभाताई, तुमचा प्रतिसाद तिला वाचून दाखवणार आहे.

हिशेबनीस

यशाबद्दल कुणीच फार बोललं नाही म्हणून थोडक्यात. शंभर कोटींच्या पुढे गेलेला पहिला मराठी सिनेमा. गावोगावी मध्यरात्रीचे खेळ लावावे लागले. पुढे कन्नडमध्ये मनसु मल्लिगे झाला, सैराटमधली आर्ची, रिंकू राजगुरूच त्यात, बंगाली, ओडिया, पंजाबीतही झाला. मग २०१८ ला हिंदीत धडक, तिथे झिंगाट अमिताभ भट्टाचार्यांच्या शब्दांत आलं. अजय-अतुलची चाल हिंदीत जाण्याची ही पहिली वेळ नाही, जत्रा सिनेमातलं कोंबडीचं गाणं २०१२ च्या अग्निपथमध्ये चिकनी चमेली झालं होतंच.

शंकेखोर

हिंदी झिंगाट मात्र मला तितकं भिडलं नाही. चाल तीच, वाद्यं तीच, पण शब्द गुळगुळीत झाले. दादांच्या 'चाल कशावर बी वाजते'ला माझी एवढीच पुरवणी, की चाल कुठल्याही वाद्यावर वाजते पण कुठल्याही भाषेत रुजत नाही.

अनवट

सगळं वाचलं, खूप छान धागा. पण एक गोष्ट कुणीच बोललेलं नाही आणि माझ्यासाठी तीच सगळ्यात मोठी आहे.

चारही गाणी सिनेमाच्या पहिल्या भागात आहेत. झिंगाट वाढदिवसाच्या रात्री येतं, सगळा गाव नाचतोय, आणि त्याच रात्री हे दोघं सापडतात. त्यानंतर गाणं नाही. हैद्राबादची ती झोपडपट्टी, कामं, भांडणं, संसार, काही नाही. आणि शेवटी, दोघांना मारलं जातं तेव्हा, तर आवाजच नाही. त्यांचं बाळ शेजारच्या बाईंकडून घरी येतं, आत जातं, रडत बाहेर येतं, फरशीवर त्या लाल पावलांच्या खुणा, आणि पूर्ण शांतता. आमच्या थेटरात त्या वेळी कुणी हललं नाही. लाइट लागल्यावरसुद्धा लोक बसून होते. दीड तासापूर्वी याच लोकांनी पडद्यापुढं जाऊन नाचून घेतलं होतं, चिल्लर उधळली होती.

ती शांतता एवढी लागते कारण आधी एवढा मोठा ऑर्केस्ट्रा ऐकवलाय. कान त्याच्याच वाटेकडं लागलेले असतात. इतक्या लांब जाऊन, इतक्या मेहनतीनं जे उभं केलं ते सगळं शेवटी काढून घ्यायचं, हे ज्यांनी ठरवलं त्यांना माझा दंडवत.

गावशीव

अनवट, हे वाचून सुन्न झालो. पण मग मला त्रासही होतो. ज्या गाण्यानंतर ती पोरं पकडली जातात त्याच गाण्यावर आपण जात बघून ठरवलेल्या लग्नात नाचतो. ते चुकीचं वाटतं मला. मी झिंगाटवर नाचायचं बंद केलंय.

पारावरचा_पिंपळ

गावशीव, तुमची कळ समजते. मी मात्र नाचतो. त्या दोघांना तेवढंच सुख मिळालंय, ते चार गाण्यांएवढं, ते आपण पण बंद केलं तर राहिलं काय. पण माढ्याच्या त्या हळदीत मुलीचं नाव, आडनाव, कूळ किती बैठकांत तपासलं गेलं तेही मला माहीत आहे आणि मी तिथं काही बोललो नाही.

मोकळी_वाट

मी पहिल्यांदाच लिहितेय. आमचं लग्न आंतरजातीय, २०१४ चं. रजिस्ट्रार ऑफिसात, चार मित्र साक्षीला, पाऊण तासात बाहेर. वाजंत्री वगैरे काही नाही. बाबा चार वर्षं बोलले नाहीत. सैराट आम्ही दोघांनी पिंपरीत बघितला, मी तेव्हा सात महिन्यांची गरोदर. झिंगाटला सगळं थेटर उभं राहिलं, आम्ही दोघंच बसून एकमेकांचा हात धरून होतो. शेवट मी बघू शकले नाही, डोळे मिटून घेतले, पण आवाजच नसल्यामुळं कधी उघडायचे ते कळेना.

बाबा २०१८ ला नातीला बघायला आले. आता येतात, राहतात. गेल्या दिवाळीत माझी मुलगी मोबाईलवर झिंगाट लावून त्यांच्यासमोर नाचत होती आणि ते टाळ्या वाजवत होते, आणि मग मध्येच थांबून मला म्हणाले, तुझ्या लग्नात बँड लावायचा राहिला. बाकी काही बोलले नाहीत.

सुलभा_निवृत्त

बाळ, वाचलं. मुलीला माझा आशीर्वाद सांग.

क्लॅरोनेटवाला

ताई, पिंपरी काय लांब नाही आम्हाला. सध्या तिथी दाट हायेत, एकवीस तारखेपर्यंत रोज सुपारी हाय, त्याच्यानंतरचा कुठला बी रविवार सांगा. मास्तर आता थकलेत पण मी त्यांना गाडीत घालून आणतो. अकराच्या अकरा माणसं येतो. पैशाचं बोलू नका, फक्त गाडीचं डिझेल द्या. बाबांना विचारून ठेवा कुठलं गाणं आधी पायजे ते.

मोकळी_वाट

दादा, आत्ताच फोन केला त्यांना. म्हणाले, आधी याड लागलं, संथ लयीतलं.